भोपळ्याची शिवण

ऐसातू आज, शनिवारी दुपारी भोपळा न्यायला येणार होती, आणि भोपळा तडकला होता. शशिकांतच्या डोक्यात सकाळपासून दुसरं काही नव्हतं. किचनमधून बेसमेंटमध्ये जायचा, परत वर यायचा, कोट चढवायचा, गाडीची किल्ली उचलायचा, ठेवून द्यायचा. बायको, प्रमोदिनी, गेल्यापासून त्याला एका जागी बसवतच नव्हतं. आज तर पायाखाली निखारे होते.

भोपळा म्हणजे दुधाचं भांडं. वाळवून मधोमध कापलेला, तंबोऱ्याला असतो तेवढा मोठा, बाहेरून तापल्या सळईनं नक्षी काढलेला. प्रमोदिनीनं तो गिनी देशातल्या फुता जालोन नावाच्या डोंगराळ मुलखातून आणला होता. ते राहत होते त्या ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीत ती शेतीवर काम करायची, आणि तिथल्या फुलानी लोकांच्या गावांचा अभ्यास करायला दोनदा जाऊन आली होती. जेवताना मग तेच. घराभोवती कुंपण, कुंपणाच्या आत बायकांची शेती, मका नि अळकुड्या, खत घालायचं तेही बायकांनी. गुरं पुरुषांची, पण दूध बायकांच्या हातात. आठवड्याच्या बाजारात दही विकायचं, येताना मीठ आणायचं. फ्रेंच आले तेव्हा कर रबराच्या चिकात भरावा लागे, लोक रानोमाळ चीक गोळा करत हिंडले.

"पण बायकांनी कुंपणाच्या आतलं सोडलं नाही बघ," ती म्हणायची.

शशिकांत जवळच्याच केंब्रिजच्या कारखान्यात गाड्यांचे दरवाजे बसवून आलेला असायचा. हं हं करत भात कालवायचा.

भोपळा तिचा नव्हताच. ऐसातू ग्वेल्फमध्येच राहणारी फुलानी बाई, प्रमोदिनीला तिकडची भाषा शिकवणारी. ऐसातूच्या म्हाताऱ्या आईनं तो हावासाठी, आपल्या नातीसाठी, प्रमोदिनीबरोबर धाडला होता. त्यांच्यात नवरीबरोबर आजीचा भोपळा जातो. ऐसातूला नर्सिंग होममध्ये डबल शिफ्ट, घरी एवढ्या भांड्यात रोज दही लावायला सवड नाही, आणि वापरात नसला की भोपळा वाळून तडकतो. म्हणून लग्न ठरेपर्यंत तो प्रमोदिनीनं ठेवून घेतला. त्यात दही लावायची, धुतला की आतून लोणी चोळायची.

ऑक्टोबरात ती गेली. शशिकांतनं भोपळा साबणानं लख्ख धुतला आणि दमट राहू नये म्हणून हीटिंगच्या गरम हवेच्या व्हेंटपाशी ठेवला. आपण जपतोय असंच त्याला वाटत होतं. काल उचलला, तर काठापासून खाली वीतभर चीर.

त्यानं विंडसरला राहणाऱ्या मुलाला फोन लावला.

"बाबा, जस्ट टेल हर," नंदन म्हणाला. "नाहीतर ऑनलाइन दुसरा मिळेल. दे ऑल लुक द सेम."

"तुझी आई म्हणून दुसरी कुणी चालली असती का रे?"

बोलून गेल्यावर शशिकांतला वाईट वाटलं. फोन ठेवून तो पुन्हा बेसमेंटमध्ये गेला आणि हाताला सवयीचं तेच त्यानं केलं. इपॉक्सीचा गोंद कालवला, चिरेत भरला, वरून क्लॅम्पनं आवळला आणि भोपळा वर टेबलावर आणून ठेवला.

ऐसातू सांगितलेल्या वेळेच्या आधीच आली. बूट दारात काढत म्हणाली, "भावोजी, घर किती थंड ठेवलंय!" 'भावोजी' हा तेवढा एक मराठी शब्द प्रमोदिनीनं तिला शिकवला होता, बाकी ऐसातूचं नि शशिकांतचं मोडक्या इंग्रजीत चालायचं. टेबलावरचा भोपळा पाहून ती वाकली. नाक खाली नेऊन वास घेतला.

"हे काय घातलंस?"

"गोंद. पक्का आहे. गाडीलासुद्धा चालतो."

"मग गाडीत दही लाव!" तिचा आवाज चढला. "तडकला तर तडकला. आमच्याकडे फुटला की बाई शिवते. माझ्या आईनं किती शिवले. पण हा वास दुधाला लागला, तर माझ्या हावानं सासरी लोकांपुढे काय ठेवायचं?"

"तिनं सांभाळला होता," शशिकांत म्हणाला. "माझ्या हातून गेला."

ऐसातूनं त्याच्याकडे पाहिलं, मग कोट काढून खुर्चीवर टाकला. "किती वेळ झाला लावून?"

"तासभर."

"सुरी आण."

क्लॅम्प काढला, तर गोंद अजून चिवट होता. ती सुरीच्या टोकानं उकरत गेली, तो भोपळा धरून राहिला. मधेच हात सैल झाला की ती खेकसायची. चिरेच्या दोन्ही कडांना भोकं पाडायची होती. तो धावत जाऊन ड्रिल घेऊन आला.

"हा मोटारीचा दरवाजा नाही, भावोजी. तुमच्यात सुई नसते?"

प्रमोदिनीच्या शिवणाच्या डब्यात दाभण सापडलं. चुलीच्या कॉइलवर तापवून ऐसातूनं एकेक भोक पाडलं. जळक्या भोपळ्याचा वास घरभर झाला. दोरा कशाचा घ्यायचा? नायलॉन तिला नको. शशिकांतनं बासमतीची गोणी आणली आणि तिची शिवण उसवून तागाचा धागा काढला. तिनं तो ओढून पाहिला, मान हलवली. टाके तिरपे पडत गेले, काठापासून खाली.

"शिवलेला भोपळा न्यायला लाज नाही ना वाटणार मुलीला?"

"कोऱ्या भोपळ्याची वाटेल. म्हणतील, या घरात दूधच नव्हतं."

आत पाणी घातलं. टाक्यांमधून थेंब बाहेर आला, फुगला, टेबलावर पडला. मग दुसरा.

"गळतोय," शशिकांत म्हणाला.

"गळणारच. आतून लोणी चोळायचं, दही लावायचं, धुवायचं, पुन्हा चोळायचं. शिवणीत मुरलं तर थांबेल. गोंदाचाही वास जायला हवा. लग्न पुढच्या महिन्यात आहे. मला शिफ्ट आहे, मी करू शकत नाही."

"मी?"

"आमच्याकडे पुरुष या भांड्याला हात लावत नाहीत. पण तू आधीच लावून बसलायस." ती हसली. मग पर्समधून प्लॅस्टिकची छोटी डबी काढून पुढे ठेवली. "विरजण. प्रमोदिनीनंच दिलं होतं मला. घरी वाटीभर चालू ठेवलंय."

ऐसातू गेल्यावर शशिकांतनं लोणी चोळलं, दूध कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं, विरजण घातलं. भोपळा व्हेंटपासून लांब, पसरट ताटात ठेवला. किल्ली हातात घेतली, खुंटीला अडकवली. खुर्ची ओढून बसला. लगेच उठला आणि खाली वाकून शिवणीवरून बोट फिरवलं. ओलं होतं. पुन्हा बसला.