एकही पाकीट न हरवणारा

माझ्या कपाळावरचा हिरवा दिवा दर पाकिटाला एकदा लुकलुकतो. गर्दीत मात्र तो सलग पेटलेला दिसतो. तेव्हा माझ्या पोटात रांग लागलेली असते.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रुग्णालयाच्या कचेरीत पत्रे टंकून टंकून थकलो आणि अडगळीत गेलो. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंनी मला उचलले, धूळ पुसली, दोन तारा जोडल्या आणि माझा राउटर केला. माहिती लहान लहान पाकिटांतून येते. ती पुढच्या वाटेला लावायची, हे माझे काम. ताईंचा एकच दंडक होता : पाकीट हरवता कामा नये. गर्दी झाली तर थांबवून ठेवायचे. त्यासाठी त्यांनी माझी रांग लांबलचक केली. सहा वर्षांत मी एकही पाकीट हरवले नाही.

"ताई, तुमचं भंगार सोन्याचं निघालं!" लोक म्हणत.

मग दूरच्या शहरातले हृदयतज्ज्ञ माझ्यामार्फत सोनोग्राफी पाहून सिस्टरना सूचना देऊ लागले. एक्स-रेच्या जड फायलीही त्याच वाटेने जात. सोनोग्राफीची चित्रे त्यांच्यामागे ताटकळत. डॉक्टर "थांबा" म्हणेपर्यंत पोटावरून यंत्र फिरवणारा सिस्टरचा हात पुढे सरकलेला असे.

"सरासरी वेळ तर उत्तम आहे," ताई आकडे दाखवत.

"सरासरीच्या पोटात बाळ नसतं हो, ताई!" सिस्टर म्हणत.

ताईंनाही ते कळत होते. पण रांग आखूड केली की चित्रे वेळेवर पोचली तरी काही पाकिटे गळणार. महिनाभर त्या "बघू" म्हणत राहिल्या.

आज एक गर्भवती बाई तिसऱ्यांदा तपासणीला आली. बाळाच्या हृदयात छिद्र आहे की नाही, हे आजच ठरायला हवे होते.

"मला दिसतंय ते काही क्षणांपूर्वीचं," डॉक्टरांचा आवाज आला. "यावरून मी काही सांगू शकत नाही."

"माझं बाळ बरं आहे ना?" बाईने विचारले.

मी निष्ठेने जपलेले प्रत्येक चित्र शिळे होते. मित्रांनो, आमची धूळ जरूर पुसा. पण काम बदलले की आम्हाला घालून दिलेला नियमही एकदा तपासा. आम्हाला तो मोडता येत नाही.

तपासणीच्या खोलीतच असलेल्या ताईंनी कळफलक पुढे ओढला.

"रांग आखूड करते," त्या म्हणाल्या. "हरवली पाकिटं तर हरवू देत. सिस्टर, पुन्हा हात ठेवा."