तिशिंगीला मोकळं सोडलं

सकाळी सव्वानऊ वाजता सिद्धेश्वर धरणाच्या पाटावरल्या पुलाच्या कठड्यावर हातात धरून खेळायचे दोन गेम ठेवण्यात आले, दोन्हींच्या मधे हातभर वायर जोडण्यात आली आणि तिशिंगीला मोकळं सोडल्याचं पंचांनी जाहीर केलं.

पुलाच्या एका अंगाला शिरड शहापूरची माणसं बसली, दुसऱ्या अंगाला हट्ट्याची. मधे कुणी उभं राहायचं नाही, जनावराला खुणवायचं नाही, चारा दाखवायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. हाक मारायला तेवढी मुभा होती. ज्ञानबानं घोंगडी अंथरली, दुखरे गुडघे जपत मांडी घातली आणि वर्षभर दाबून धरलेली हाक एकदाची सोडली.

"हिर्रर्र... ये बाय, ये!"

पलीकडून संतरामनंही हाक दिली. संतराम हा ज्ञानबाचा इवाई, म्हणजे त्याच्या लेकीचा, राधिकाचा सासरा. म्हणून हाक देण्याआधी त्यानं रीतीप्रमाणं हात जोडले. "रागावू नका इवाई, पन मीबी हाक मारून राहिलो."

"मारा की. तुमाला कोनी अडवलं?"

तिशिंगी हलली नाही.

ज्ञानबाची खरी मेंढरं विकली गेली त्याला तीन पावसाळे झाले होते. त्याचे गुडघे गेले, पोरगा हनुमान पुण्याला एका सोसायटीत वॉचमन झाला आणि कळप हाकायला घरात माणूसच उरलं नाही. त्या सोसायटीतलं एक कुटुंब अमेरिकेला गेलं आणि जाताना आपल्या पोराचे दोन गेम हनुमानच्या हातावर ठेवून गेलं. तळहातात मावणारं यंत्र आणि त्यात आगपेटीएवढा पडदा. पडद्यावर एक टोपीवाला पोऱ्या रानोमाळ हिंडतो. गवतात त्याला नाना रंगांची अचाट जनावरं सापडतात. ती धरायची, वाढवायची आणि गावोगावच्या मातब्बरांच्या जनावरांशी त्यांच्या टकरी लावायच्या. दोन हजार दोनच्या दिवाळीत हनुमाननं एक गेम बापाला दिला आणि दुसरा बहिणीच्या सासऱ्याला. "बसल्या जागी टाइमपास व्हईल," म्हणाला.

ज्ञानबाला टाइमपास करायचा नव्हता. पडद्यावरच्या पोऱ्यानं पायताण घातलंय एवढं त्यानं बघून घेतलं आणि कामाला लागला. रोज सकाळी जनावरं गवतात न्यायची, सावलीला आणायची, संध्याकाळी गावात आणून बसवायची. अमावास्येला टक्कर नाही. पोटभर चरल्याशिवाय टक्कर नाही. त्यामुळं महिन्यातल्या बऱ्याचशा टकरी त्याच्या हुकत, पण त्याच्या एकाही जनावराचं पोट खपाटीला गेलेलं नव्हतं, असं तो ज्याला त्याला सांगे.

गेमचा कायदा असा, की सोबत सहाच जनावरं ठेवता येतात. सातवं धरलं की ते आपोआप एका पेटीत जाऊन पडतं. राधिका माहेरी आली असताना तिनं हे पडद्यावरचं वाचून सांगितलं. ज्ञानबाचा चेहरा उतरला.

"पेटी काहून म्हनतीस? कोंडवाडा म्हन की."

"आबा, तिथं त्येंना काही तकलीफ न्हाई. नुसते बसून राहत्यात."

"कोंडवाड्यात बसूनच राहत्यात, बाई."

धनगराचं जनावर कोंडवाड्यात सापडणं म्हणजे चारचौघांत पागोटं पडणं. ज्ञानबानं राधिकाला बसवून एकूण एक जनावर सोडवलं, हाती निवडक सहा ठेवली आणि बाकीची हात जोडून रानात सोडून दिली. निवडताना त्यानं ताकद पाहिली नाही. चाल पाहिली. ठिणग्या टाकणारी जोडी ठेवली, पाण्यातलं एक ठेवलं, जमीन उकरणारं एक ठेवलं, पंखांचं एक ठेवलं. त्या पंखवाल्याला तो घुबड म्हणत असे आणि त्याच्यावर त्याचा भरवसा नव्हता. सहावी तिशिंगी. अंगानं हिरवी, लोकरीची, कपाळावर तीन शिंगं, डोळे कायम झोपाळलेले. तिला त्यानं सगळ्यांच्या पुढं लावली. कळपाला म्होरकी लागते. ती चालली की बाकीची चालतात.

जनावर टकरी जिंकत गेलं की एका घटकेला पडदा लखलखतो आणि त्याचं रूप पालटून ते मोठं होतं. तिशिंगीचा पडदा लखलखला की ज्ञानबा बटण दाबून ते थांबवी. "कोकराला घाईनं मेंढी करू न्हाई. पाठ बसती." त्यामुळं तिशिंगी लहानच राहिली, पण असल्या लहान जनावरानं मोठमोठ्यांना लोळवलं आणि शिरड शहापुरात तिचं नाव झालं.

बायको चंद्रभागाबाई मात्र कौतुकाला तयार नव्हती. "दूध न्हाई, लोकर न्हाई, लेंडी सुदिक न्हाई. आन् खायाला सेल!"

लेंडीवरून विश्वंभरनं एकदा चेष्टा केली. विश्वंभर गावातला बागायतदार, पंचांपैकी एक. "ज्ञानबा, एक रात माझ्या वावरात बसव की तुझी मेंढरं. हळदीला खत व्हईल." ज्ञानबानं चेष्टा ओळखली नाही, किंवा ओळखून शब्द पाळला. तो गेम घेऊन गेला आणि विश्वंभरच्या वावरात धुऱ्याशेजारी, बांधालगतच्या कोपऱ्यात सहाही जनावरं रात्रभर बसवली. त्या साली त्या कोपऱ्यातली हळद नजरेत भरण्याजोगी निघाली. विश्वंभर अजूनही म्हणतो, ते पाटाच्या पाण्यानं.

पुढच्या सालच्या संक्रांतीला संतराम आला तो तिशिंगीलाच मागायला. त्याच्याकडं जनावरं पुष्कळ होती, पण सगळी कोंडवाड्यात, आणि त्याची त्याला लाज नव्हती. "इवाई, म्होरकी द्या एक साल अर्धलीनं. पयलं वेत माझं, दुसरं तुमचं. साल भरलं की माय वापस."

अर्धलीची रीत धनगरांत जुनी आहे. ज्याच्याकडं आहे त्यानं नसलेल्याला मेंढी पोसायला द्यायची आणि पिलं वाटून घ्यायची. त्यात मागणारा लेकीचा सासरा. ज्ञानबाच्या तोंडून नाही निघालं नाही. वायर जोडली. चंद्रभागाबाईनं दोन्ही गेमवर भंडारा टाकला. राधिकानं दोन्हीकडची बटणं दाबली आणि तिशिंगी एका पडद्यातून गेली ती दुसऱ्यात उगवली. ज्ञानबानं नीट पाहिलं होतं. जाताना तिनं वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून ज्ञानबाची बाकीची पाच एकही टक्कर जिंकली नाहीत. घुबड तर पहिल्याच धडकेला डोळे फिरवी. "म्होरकीबिगर न्हाई चालत ते," तो म्हणे, आणि चरायला नेऊन त्यांची समजूत काढी.

होळीच्या सुमाराला हट्ट्याहून निरोप आला. तिशिंगीनं अंडं घातलं.

"मेंढरानं?" ज्ञानबानं निरोप्याला तीनदा विचारलं. मग तो जेवला नाही.

भांडणाला तोंड फुटलं ते इथंच. ज्ञानबाचं म्हणणं, अंडं का असेना, ते वेतच. दुसरं अंडं त्याचं. संतरामचं म्हणणं वेगळं. "अंडं घालनारं जनावर कोंबडीच्या कायद्यात येतं, इवाई. कोंबडी ज्याच्या आंगनात, अंडं त्याचं."

"कोंबडीला शिंगं असत्यात व्हय?"

"मेंढरू हिरवं असतं व्हय?"

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळं तोड निघेना. साल भरलं तेव्हा ज्ञानबानं अंड्यांवर पाणी सोडलं आणि नुसती माय परत मागितली. तेव्हा संतराम खाली बघत म्हणाला, "तुमची तिशिंगी रानात गेली ती आलीच न्हाई. ही हाय ती तिची लेक. माझ्या घरच्या अंड्यातली."

पंच बसले. मेंढराच्या तंट्यात आधी कानाची खूण बघतात. तिशिंगीला कान नव्हते. मग राधिकाला पडद्यावरचं वाचायला सांगितलं. तिनं वाचलं, की दोन्ही गेममधल्या सगळ्या जनावरांचा मालक ओंकार आहे.

"कोन ओंकार? कोनत्या गावचा?" विश्वंभरनं विचारलं.

"पुन्याचा. ज्याचे गेम होते त्यो. आता अमेरिकेला असतो."

पंचांनी आपसांत विचार केला. जनावरं टाकून मुलूख सोडणाऱ्याचा दावा राहत नाही, असा निवाडा देऊन ओंकारचं नाव वगळण्यात आलं.

मग भागूबाई बोलली. धनगरांत ती सगळ्यांत वडील, तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. "आमच्या टायमाला असं भांडन झालं की जनावर दोन वाड्यांच्या मधी नेऊन सोडायचे. दोन्हीकून हाका मारायच्या. ते ज्याच्याकं जाईल त्याचं. जनावर खोटं बोलत न्हाई."

राधिकानं स्पष्ट सांगितलं, "आजी, ते आपल्या पायानं जात न्हाई. वायर जोडून दोन्हीकं बटन दाबावं लागतं."

"कोन दाबनार?"

"कोनीबी. मी दाबीन."

"म्हंजे तू हाकलनार," भागूबाई म्हणाली. "हाकलून नेलेलं जनावर मर्जीनं गेलं असं कसं म्हनावं?"

पंचांना हे पटलं. बटणाला कुणी हात लावायचा नाही, वायर मात्र जोडायची, कारण जनावराला वाट पाहिजे. हट्टा आणि शिरड शहापूर दोन्हींना सारखा पडेल असा पाटावरचा पूल निवडला. आणि राधिका एकाची लेक आणि दुसऱ्याची सून, म्हणून तिला मधे बसवून पडदा वाचायचं काम दिलं.

अशा रीतीनं सगळे पुलावर आले होते.

दहाच्या सुमाराला परभणीकडची एसटी आली. जनावर बुजेल म्हणून विश्वंभरनं हात करून तिचा भोंगा बंद करवला. ड्रायव्हरनं काय चाललंय विचारलं. मेंढी सोडलीय, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं पुलावर इकडं तिकडं पाहिलं आणि गाडी हळू काढली. खिडकीतली माणसंही मेंढी शोधत गेली.

"काय म्हनते, राधे?" ज्ञानबानं विचारलं.

"'थांबा' असं लिवलंय, आबा."

"मंग थांबू."

"थांबून काय व्हनार," पलीकडून संतरामचा एक भाऊबंद म्हणाला. "घरची पोर बापाकं कशाला जाईल, सासर गोड असल्यावर?" हट्ट्याची माणसं हसली. राधिकानं पदर पुढं ओढला. संतराम हसला नाही. "गप बस रे," तो म्हणाला.

ऊन चढलं. संतरामनं दोन हाका मारल्या की एक चहा घ्यावा असं चालवलं होतं. ज्ञानबा चहाला उठला नाही. त्याचा हिशेब सरळ होता. मेंढरं विकली तेव्हा गुडघ्यांना दोष देता आला. पण आपल्या हातानं वाढवलेलं जनावर आपल्या हाकेला आलं नाही, तर दोष गुडघ्यांना देता येणार नव्हता. मग तो धनगर राहिला नव्हता, आणि हे दोन गावांच्या समोर कळणार होतं.

दुपारी ज्ञानबाच्या गेमवरचा दिवा लाल झाला.

"सेल उतरले," राधिका म्हणाली. पाचांची समजूत काढण्यात ते आधीच निम्मे खर्च झाले होते.

"चारा संपला व्हय?" विश्वंभर म्हणाला. "तंट्यातल्या जनावराचा चारा दोन्ही धन्यांनी निम्मा निम्मा घालायचा. आना नवे सेल."

"नवे घालायचे तर गेम बंद करावा लागतो, काका. बंद केला की वायरची वाट मोडली."

"आन् सेल मेलेच तर?"

राधिकानं बापाकडं पाहिलं. "तरीबी वाट मोडली. मंग ती जितं हाय तितंच राहील. मामंजींच्या गेममधी."

चंद्रभागाबाई आतापर्यंत पुलाच्या टोकाला पाठ करून बसली होती. ती उठून नवऱ्याशेजारी येऊन बसली. "हाक मारा," म्हणाली. "काहून गप बसला?"

ज्ञानबानं हाक मारली. घसा फाटला तरी मारली. तेवढ्यात राधिकाचा उजवा हात पदराखालून बाहेर आला आणि कठड्यावर, दोन्ही गेमच्या मधे येऊन थांबला. पंच दिव्याकडं बघत होते. संतरामचे डोळे चहावर होते. दोन बोटांचं काम होतं.

ज्ञानबानं हात पाहिला. त्यानं मान हलवली. नको.

राधिकानं हात मागं घेतला आणि पडद्याकडं पाहिलं, आणि जोरात म्हणाली, "तोंड फिरवलं!"

सगळे उठले. मधे उभं राहायचं नाही हा नियम पहिल्यांदा मोडला तो पंचांनीच. संतरामच्या पडद्यावर तिशिंगी सकाळपासून हट्ट्याकडं तोंड करून उभी होती, ती आता शिरड शहापूरकडं तोंड करून उभी होती. संतरामचं म्हणणं, गर्दीत गेमला धक्का लागला आणि गेमच फिरला, जनावर नाही. विश्वंभरनं कठड्यावरची धूळ वाकून तपासली आणि धुळीवरून काही सांगता येत नाही असं सांगितलं. भागूबाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, तोंड फिरवणं म्हणजे जाणं नव्हे, पण तोंड फिरवल्याशिवाय कुणी जातही नाही.

संतराम खाली बसला आणि हाक मारायचा थांबला.

ज्ञानबाचा आवाज बसला आहे. आता नुसते ओठ हलतात. हे लिहीपर्यंत दिवा लालच आहे, वायर जोडलेली आहे, पडद्यावर 'थांबा' आहे. तिशिंगीचं तोंड ज्ञानबाकडं आहे. पाय तिनं अजून उचललेला नाही.