पोथीच्या चौरंगावरची वही

दैवशालेचं लग्न झालं ते साल १९९६. लग्नातल्या पाटांसाठी आणलेलं सागवान उरलं, त्यातून तिच्या वडिलांनी, रखमाजींनी, मला घडवून घेतलं. मित्रांनो, मी परतूरजवळच्या एका खेड्यातला जुना चौरंग आहे.

रखमाजींची उमर मेंढरांमागे गेली. पन्नाशीत ते अक्षरं शिकले आणि माझ्यावर पोथी ठेवून वाचू लागले. पोथीशिवाय माझ्यावर काही ठेवायचं नाही, असा घरचा नेम होता.

दैवशालेची मुलगी तृप्ती कॉलेजसाठी आजोळी राहिली. एकदा तिने भौतिकशास्त्राची वही माझ्यावर ठेवली. आजी, जयवंताबाई, ओरडल्या, "उचल ते! देव बाटवती का?"

"ऱ्हाऊ दे," रखमाजी म्हणाले. "काय लिव्हलंय गं?"

"आबा, लई बारीक कण असतेत. दोन फटींतून सोडले की पल्याड लाटांवानी पट्टे उमटतेत. कोणता कण कोण्या फटीतून गेला ते बघाया गेलं, की पट्टे गायब!"

रखमाजींनी माझ्यावर थाप मारली. "मंग! पाहणारा अन् दिसणारं येगळं न्हाई, हे आमची पोथी कव्हाचं सांगून राह्यली!"

"तसं न्हाई, आबा. हितं बघणं म्हंजे यंत्रानं नोंद घेणं. त्याला मन लागत न्हाई."

त्यांनी ऐकलं नाही. गावच्या हरिनाम सप्ताहाच्या शेवटी, देवळात माझ्यावर पोथी ठेवून, ते साऱ्या गावापुढे म्हणाले, "सायन्सनं आपली पोथी बराबर ठरवली."

तृप्ती उठली. "हे बिलकुल खोटं हाय."

"नातीनं आज्ज्याची शाळा घेतली!" कोणीतरी म्हणालं. लोक हसले. रखमाजींनी पोथी बांधली. दुसऱ्या दिवशी तृप्ती पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. दोघांचं बोलणं तुटलं.

वही मात्र घरीच राहिली. वर्षभर रखमाजी ती माझ्यावर ठेवून, ओळीवर बोट फिरवत वाचत होते. दिवाळीत त्यांनी तृप्तीला स्पीकरवर फोन लावला.

"माय, तू बराबर होतीस. पोथीतलं अन् वहीतलं सारखं वाटतंय, पण एक न्हाई. पर कोणीच बघत नसलं, तं तो कण असतो कुठं?"

मग तृप्ती हळूच म्हणाली, "आबा, ते आमच्या मास्तरांनाबी पुरतं ठाऊक न्हाई. पेपर झाले की येते. संगं बसू."

आता माझ्यावर कोणी काही ठेवत नाही. मित्रांनो, घरच्या माणसाची चूक जरूर सांगा, पण शेजारी बसून सांगा. आणि त्याने बोलावलं, की लवकर जा.

तृप्तीचा शेवटचा पेपर वीस नोव्हेंबरला होता. रखमाजी एकोणीस नोव्हेंबर २०२३ला सकाळी वारले.