खाली बसणारी गाडी

सुधाकर वर्तकने पूजेतला दहा नंबरचा पाना उचलला, तशी गॅरेजमधली माणसं बोलायची थांबली.

खंडेनवमी होती. झिपरू मिस्त्रीने शेडच्या कोपऱ्यात लाल कापड अंथरून पाने, हातोड्या, जॅक, ग्रीसची बंदूक असं सगळं ओळीने मांडलं होतं. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूचं एकेक फूल. आज पूजेला बसलेलं हत्यार उद्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी हलवत नाही, हे सिल्वासातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये सांगावं लागत नसे.

"साहेब, पूजाले मांडेल शे तो," झिपरू म्हणाला. "उद्या घ्या ना."

"आणि बॅटरीचा नट आज तुझ्या देवाने सोडवायचा का?"

सुधाकरने पान्यावरचं कुंकू रुमालाने पुसलं, फूल परत कापडावर टाकलं आणि तो बॉनेटमध्ये वाकला. त्याच्या मागे कोणीतरी हळूच चुकचुकलं. ते त्याला ऐकू आलं आणि बरंही वाटलं. या गावात आठ वर्षं काढल्यावर अशा गोष्टी ऐकू येण्यात त्याला एक प्रकारचं सुख मिळू लागलं होतं.

गाडी शेठची होती. खडोलीच्या सूत कारखान्याच्या मालकाला शोभेल म्हणून परदेशातून आणवलेली, काळी, भली उंच. तिच्या चाकांवर स्प्रिंगा नव्हत्या. त्यांच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे होते, त्यांत हवा भरणारा छोटा पंप होता आणि चारही चाकांपाशी गाडी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून पंपाला हुकूम देणारा एक कॉम्प्युटर होता. खडोलीच्या रस्त्यांनी आणि दोन उन्हाळ्यांनी ते रबर खाल्लं. नवे फुगे देशात मिळेनात. मग झिपरूने ते उपटून सुरतहून करून आणलेल्या जाड स्प्रिंगा बसवल्या, आणि गाडी पुन्हा पायावर उभी राहिली.

पण कॉम्प्युटरला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तो अजून हवा शोधत होता. हवा सापडत नाही म्हणजे गाडी पोटावर पडली आहे, असं समजून तो लाल दिवा लावी आणि गाडीने जरा वेग घेतला की टींटीं करत राही. महिनाभर शेठ त्या आवाजासकट फिरत होते. आवाज आला की गेटवरचा वॉचमन बिडी विझवत असे. झिपरूने उपाय म्हणून एक वायर कापून पाहिली, तेव्हा ड्रायव्हरसमोरचे सगळेच काटे मेले. ती वायर परत जोडावी लागली. शेठचा उपाय भजनांची कॅसेट मोठ्याने लावण्याचा होता. सुधाकरला त्या दोघांत फारसा फरक वाटत नसे.

शेवटी शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. "वर्तकभाई, तुम तो इतनी बडी मशीन का दिमाग चलाते हो. ये गाडी को दशहरा के पहले चूप करो ना. अथाल में सब लोग आएंगे."

अथालला नवा कारखाना उभा राहिला होता. दसऱ्याला त्याची पूजा होती, आणि तो कोण चालवणार हे शेठ त्याच दिवशी सांगणार होते. खडोलीतल्या प्रत्येक मशीनचं इलेक्ट्रॉनिक डोकं सुधाकरच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे दुसरं कोणाचं नाव त्याला सुचत नव्हतं. गाडीचं काम सांगताना शेठनी अथालचं नाव घेतलं, त्याचा अर्थही त्याने लावून ठेवला.

घरी बायको विजया त्याची पांढरी पँट इस्त्री करत असताना त्याने हे सांगितलं होतं. विजया इथल्या मराठी शाळेत शिकवत होती.

"आणि नाही दिलं तर?" तिने विचारलं.

"तर तिथेच सांगेन. नमस्कार, निघालो. मुंबईत माझ्यासारख्याला दारं बंद नाहीत."

"तिथेच? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. मी काय तो हेडक्लार्क आहे?"

अकाउंट्सचे हेडक्लार्क रोज सकाळी शेठच्या गाडीचं दार उघडायला पायऱ्या उतरून धावत. शेठची आई, म्हणजे बा, कारखान्यात आल्या की ते वाकून पाया पडत. त्यांच्या मागोमाग फोरमन पडत, फोरमनच्या मागे कामगार. सुधाकर तेवढ्यात कुठल्या तरी मीटरकडे बघत राही. या हेडक्लार्कच्या पाठीत कण्याऐवजी हवेचे फुगे बसवलेत, शेठ दिसले की आपोआप उतरतात, असं तो म्हणायचा. विजया पहिल्यांदा हसली होती. नंतर नंतर ती फक्त इस्त्री फिरवायची.

बॅटरीची तार त्याने थोडा वेळ सोडून ठेवली आणि परत जोडली. मग कारखान्याचा लॅपटॉप सीटवर ठेवला. कॉलेजातल्या एका मित्राने मुंबईहून पाठवलेली केबल स्टिअरिंगखाली खोचली. पडद्यावर गाडीने स्वतःबद्दलची माहिती एकेक ओळ उलगडली. इंजिन कुठलं, खिडक्या कशा, चाकं कशावर उभी. त्या शेवटच्या ओळीपुढे हवा असं होतं. तिथे स्प्रिंग करायचं. एवढंच काम होतं, आणि एवढ्यासाठी महिनाभर सगळं गाव टींटीं ऐकत होतं.

तेवढ्यात शेठचा ड्रायव्हर वाळू खिडकीपाशी येऊन उभा राहिला. नंदुरबारकडचा, बोलका माणूस. हातात एक लाकडी पाट होता.

"साहेब, एक इचारू? बा आल्या म्हणजे मी हे बटन दाबायचो, तं गाडी खाली बसायची. त्यांचे गुडघे वाकत नाहीत ना. आता स्प्रिंगवर कशी बसेल?"

"नाही बसणार. हे बदललं की बटणही मेलं म्हणून समज."

"तेच म्हणतो. महिनाभर बा अहमदाबादले लेकीकडे होत्या म्हणून चाललं. उद्या अथालले येतील. घरी ओटा आहे, तिथून चढतील. पण तिकडे मोकळं मैदान. मी हा पाट डिकीत टाकून ठेवतो."

सुधाकरने पाटाकडे पाहिलं. जेवणाच्या पंगतीतला, कडेला पितळी फुलं ठोकलेला.

"या गाडीत? पाट?" त्याने विचारलं. "उद्या बाहेरची माणसं येणार आहेत. डिकी उघडली की काय दाखवणार, शेठ जेवायला बसतात ते?"

मागे कोणीतरी हसलं. वाळूही हसला, पण पाट हातातच धरून उभा राहिला.

"मग बांचं काय करू, साहेब?"

"सांग त्यांना पाय उचलायला. गाडीने किती दिवस लोकांसमोर बसायचं?"

वाळूने पाट भिंतीला टेकवून ठेवला. सुधाकरने बटणं दाबली. पडद्यावरची हवा गेली, तिथे स्प्रिंग आलं. त्याने चावी फिरवली. लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. वाळूने गाडी अथालच्या रस्त्यावर चांगली दामटून आणली. टीं नाही की टां नाही. झिपरू म्हणाला, साहेबांच्या हाताला यश आहे. सुधाकरने पाना त्याच्या हातात न देता लाल कापडावर टाकला आणि हळदीने पिवळी झालेली बोटं पुसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अथालला मांडव घातला होता. मशीनना झेंडूचे हार, दारांना आंब्याची पानं, ऊन सरळ डोक्यावर. कारखान्याच्या कुटुंबांनाही बोलावलं होतं, त्यामुळे विजया बायकांच्या बाजूला बसली होती. शेठची काळी गाडी काही आवाज न करता आली आणि मांडवाच्या सावलीशी लागली. वाळूने दार उघडलं. बा शेठच्या हाताला धरून, सीटच्या कडेवरून घसरत कशाबशा खाली उतरल्या. गाडी गप्प झाली आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सुधाकर वाट बघत उभा होता. निदान शेठ तरी काही म्हणतील. शेठनी त्याच्याकडे बघून मान हलवली, पण ती मान ते सगळ्यांकडे बघून हलवत होते.

पूजा झाली. नारळ फुटला. शेठनी हात जोडले आणि मोडक्या मराठीत, मग गुजरातीत सांगितलं की अथालचं काम तुषार बघेल. तुषार त्यांच्या बहिणीचा मुलगा. सुरतेत कापडाच्या दुकानात बसत होता. तो पुढे आला. त्याच्या शर्टाच्या खिशाला अजून दुकानातली सुई टोचलेली होती. त्याने बांच्या पायांना हात लावला. टाळ्यांमध्ये हेडक्लार्कच्या टाळ्या वेगळ्या ऐकू आल्या.

मग शेठनी सुधाकरच्या खांद्यावर हात ठेवला. "वर्तकभाई इसको सब सिखाएंगे. हैं ना?"

तुषार म्हणाला, "सर, मुझे कुछ नहीं आता." तो हे मनापासून म्हणत होता, आणि सुधाकरला त्याचा राग येण्याऐवजी किळस आली.

त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. विजया त्याच्याकडेच बघत होती. तिच्या हातात आपट्याची पानं होती आणि पर्स तिने आधीच खांद्याला लावली होती. निघायचं आहे हे ती विसरली नव्हती.

शेठ बांना घेऊन गाडीकडे निघाले होते. सुधाकर त्यांच्या मागे गेला. मनात वाक्य तयार होतं, गेला महिनाभर तयार होतं, फार लांब नव्हतं. आजूबाजूला सगळे उभे होते. हेडक्लार्क, फोरमन, हातात हार घेतलेले कामगार, तुषार. याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

"शेठजी," तो म्हणाला, "मला एक सांगायचं आहे."

"हां, बोलो," शेठ म्हणाले, पण ते गाडीकडे बघत होते.

बा दारापाशी थांबल्या होत्या. एक हात दाराच्या कडेवर, डोळे खाली. त्या गाडी खाली यायची वाट बघत होत्या. दोन वर्षांची सवय. वाळूने बटण दाबून पाहिलं, उगीच, लोकांना दिसावं म्हणून. गाडी हलली नाही.

"आ नीचे केम नथी आवती?" बांनी मुलाला विचारलं.

त्यांनी पाय उचलून पाहिला. पाऊल पायरीपर्यंत पोचेना. त्यांनी तो परत खाली ठेवला आणि दुसरा उचलून पाहिला. मांडवातली कुजबुज थांबली. बांच्या कपाळावर घाम आला होता आणि आपल्याला सगळे बघताहेत हे त्यांना कळलं होतं. शेठनी त्यांच्या काखेत हात घातला, तर त्या कळवळल्या. शेठ इकडेतिकडे बघू लागले, काहीतरी टेकवायला, एखादी वीट, एखादं खोकं. सगळं साफ करून घेतलेलं होतं.

वाळूने डिकीकडे पाहिलं. मग सुधाकरकडे पाहिलं.

"वर्तकभाई," शेठ म्हणाले. पुढे काय म्हणायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते फक्त त्याचं नाव होतं.

सुधाकरचा गुडघा जमिनीला टेकला होता. कधी टेकला ते त्याला कळलं नाही. दुसरी मांडी त्याने सपाट धरली, पायरीच्या खाली, बरोबर हव्या तेवढ्या उंचीवर. बांनी चप्पल काढून पाऊल ठेवलं. पाऊल गरम होतं, टाच भेगाळलेली. त्यांचा हात त्याच्या डोक्यावर आला, तोल सावरायला, आणि वजन येऊन निघून गेलं. आत बसल्यावर त्यांनी वरूनच त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"सारो छे," त्या मुलाला म्हणाल्या. "आने साथे राखजे." याला बरोबरच ठेव.

शेठ हसले. बांना बोरडीच्या नातेवाइकांकडे जायचं होतं, मग तिथून आणखी एका ठिकाणी. "वर्तकभाई, आप भी बैठो आगे," ते म्हणाले. "उतरते टाइम फिर लगेगा." मग आठवून विचारलं, "आप कुछ बोल रहे थे?"

"काही नाही," सुधाकर उठत म्हणाला. "गाडीचा आवाज बंद झालाय, एवढंच."

"अरे हां," शेठ म्हणाले.

वाळूने पुढचं दार उघडून धरलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो दुसरीकडे, कुंपणाच्या तारेकडे बघत होता, एखाद्या मीटरकडे बघावं तसा.

विजया मांडवातून चालत आली. तिने आपट्याची पानं त्याच्या हातात दिली, मग खाली वाकून त्याच्या गुडघ्यावरची तांबडी माती हाताने झटकली. माती थोडी गेली, थोडी कापडात राहिली.

"मी रिक्षाने जाते," ती म्हणाली. "पँट घरी आल्यावर भिजत घालू."