अठराव्या मिनिटाचा राक्षस

बाबांनी सोबत्यांना बोलावलं नसतं तर दामिनीने कसंही निभावून नेलं असतं. पण बाबांनी, म्हणजे सेवकरामने, राइस मिलमधले आपले चार जुने हमाल सोबती रविवारी सकाळीच घरी गोळा केले होते. पोरीचं नाव टीव्हीवर येणार! नाव येणार होतं अगदी शेवटी, म्हणजे ॲपवर आलेला मालिकेचा पहिला भाग पुरता बघणं आलं. आणि अठराव्या मिनिटाला तो राक्षस यायचा होता.

दामिनी गोंदियात घरी बसून हैदराबादच्या एका स्टुडिओसाठी ॲनिमेशन करायची. मालिका एका व्हिडिओ गेमवरून बेतलेली. तिचा नायक काळा चष्मा लावून राक्षस मारत हिंडे. शंभर कापले तरी बेट्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नसे. राक्षसाला मात्र वजन हवं होतं. या धंद्यात चाल काढायची तर आधी कुणाला तरी खरंच चालवतात, मोबाइलवर उतरवून घेतात आणि मग चित्र त्या बरहुकूम हलवतात. दामिनीचा राक्षस 'पोकळ वाटतो' म्हणून दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा आला असता तर काम हातचं गेलं असतं. तेव्हा तिने बाबांना गळ घातली, अंगणात पाठीवर पोतं घेऊन चाला.

"कोनाची चाल होय?" त्यांनी विचारलं होतं.

"एक मजूर आहे गोष्टीत," ती बिनदिक्कत खोटं बोलली.

पाठीचा पार चुराडा झालेला माणूस, तरी त्यांनी सहा फेऱ्या मारल्या. ती चाल एका फटक्यात पास झाली. स्टुडिओच्या साहेबांनी फोन करून कौतुक केलं तेव्हा दामिनी घरभर नाचली होती. आज तिला त्या नाचण्याची लाज वाटत होती.

बारावं मिनिट. पडद्यावर तलवारी, ठिणग्या, धूर. दुधरामकाका खूश होऊन मांडीवर थाप मारत होते. हे बाबांचे सगळ्यात जुने सोबती. तीस वर्षं दोघांनी एकाच ट्रकवर माल चढवला.

"चष्मा कसा पडत नाही बे लेकाचा!"

"बाबा, नाव शेवटीच आहे," दामिनी रिमोट उचलत म्हणाली. "पुढे पळवू का?"

"काऊन? आमी पाहून राहिलो नं."

आई प्रेमिला चहा घेऊन आली. दामिनीला वाटलं, आता तरी गप्पा सुरू होतील, चार नजरा इकडेतिकडे होतील. पण कुणी कपाला हातसुद्धा लावला नाही.

बोगद्यातून राक्षस आला. शिंगं, खवले, लाल डोळे. कमरेत वाकलेला, डावा पाय जरा फेकत चालणारा. चौथ्या पावलाला थांबून त्याने मान झटकली, मानेवर सरकलेलं ओझं सारखं करावं तशी. नायकाने गिरकी घेऊन त्याचे तीन तुकडे केले.

दुधरामकाका टीव्हीकडे पाहतच नव्हते. ते सेवकरामकडे पाहत होते.

"सेवक्या," ते हळूच म्हणाले, "हा तं तू होय बे."

एकजण हसला आणि लगेच त्याने चहाचा कप उचलला. सेवकरामने पोरीच्या हातून रिमोट घेतला. चाल मागे नेऊन पुन्हा पाहिली. मग तिसऱ्यांदा. मान झटकली तिथे चित्र थांबवलं.

"बाबा, मी सांगणारच होते..."

"थांब. चाल बरोबर काढली तू." आवाजात राग नव्हता. "पोतं कोठी गेलं?"

"काढलं. राक्षसाच्या पाठीवर पोतं कसं दाखवणार, बाबा?"

सेवकरामने उठून पडद्यावरच्या त्या वाकलेल्या पाठीवर बोट ठेवलं. चौघे सोबती खाली मान घालून बसले होते. दामिनीला त्यांच्यापैकी एकाकडेही बघवेना.

"माया पाठीवर पोतं होतं म्हनून मी वाकून चाललो, पोरी. तू पोतं काढून घेतलं अन् वाकनं तेवढं ठेवलं. आता जो पाहील तो राक्षसच म्हनल नं मले."