लाल धरलेला सिग्नल

"मॅडम, तिसरा सिग्नलही लालच ठेवलाय तुम्ही," शेजारच्या खुर्चीवरचा ऑपरेटर कुजबुजला.

"चाचणी आहे ना त्यांची? मग होऊ दे की!" बटणावरचं बोट तिनं हलवलं नाही.

पडद्यावर विजेवरची विनाचालक बस कचकन थांबली. हिरवा कधी लागणार हे सिग्नल बसला आधीच कळवायचा. त्या बेतानं वेग सांभाळत बस न थांबता निघून जायची आणि बॅटरी वाचायची. आज सिग्नल हिरवा कळवत होता आणि ऐन वेळी ती नियंत्रण कक्षातून लाल धरून ठेवत होती.

बसमधल्या कॅमेऱ्यात पाहुण्यांसमोर घाम पुसणारा इंजिनिअर बघून तिचं काळीज निवलं. यानंच भर सभेत तिच्या नवऱ्याला उभं करून म्हटलं होतं, "असे ब्रेकवर नाचणारे ड्रायव्हरच वीज खातात." सगळे फिदीफिदी हसले होते. नवऱ्याची नोकरी गेली. त्यानं घरात बोलणंही टाकलं. तेव्हापासून ती आजच्या दिवसावर डोळा ठेवून होती.

चौथा सिग्नल. पुन्हा लाल. या वेळी आत कुणीतरी कोसळलं. पुढच्या खुर्चीवर पाठमोरा बसलेला मदतनीस वळून धावला. नव्याकोऱ्या गणवेशातला तो तिचा नवरा होता. सकाळी "ताईकडे जाऊन येतो" म्हणून निघालेला.

तिचं बोट सुटलं.

फोन खणाणला. "आमच्याच मदतनीसानं बसमधलं ब्रेकचं बटण दाबलं असणार," इंजिनिअर ओरडत होता. "शेवटी ड्रायव्हरच तो!"

"त्यांनी काही केलं नाही. लाल मी धरला होता. मुद्दाम."

"का पण?"

"तुम्हाला आठवणार नाही."

तिला तिथूनच घरी पाठवलं. संध्याकाळी नवरा आला तो थेट मोरीत गेला आणि गणवेशाची बाही चोळू लागला.

"ताईंकडे गेला नव्हतात."

"महिनाभर टिकलो असतो, तर सांगणार होतो."

"लाल मी धरला होता. त्या माणसाची जिरवायला."

त्याचे हात थांबले. "एक आजी पडल्या. कोपर फुटलं. दवाखान्यापर्यंत माझा हात सोडला नाही त्यांनी."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. "चाचण्या बंद केल्यात म्हणे."

"कळलंय मला."

रक्ताचा डाग निघेपर्यंत तो चोळत राहिला. मग शर्ट झटकून, कॉलर नीट ओढून त्यानं खिडकीत वाळत घातला.

"उद्या परत करायचाय," तो म्हणाला.