मागची फळी

ब्रेकचं ते रबर तिनं चिमटीत धरून जरा वाकवलं, आणि कडेला बारीक चीर पडली... बांगडीएवढंही नाही, आणि अख्खा ट्रक याच्या भरवशावर— तिनं दुसरं घेतलं, तिसरं. सगळी तशीच कडक. खोका तिनंच ठेवला होता मागच्या फळीवर, इतर खोक्यांच्या आड, कुणाला दिसू नये म्हणून. खिडकीचं ऊन तिथं येतं आणि उन्हानं रबर कडक होतं, हे काही लक्षात आलं नव्हतं.

लष्करी भांडारातला पहिला नियम, आधी आलेलं आधी द्यायचं. इतकी वर्षं तिनं तो पाळला. पण धाकटा भाऊ घाटातल्या तुकडीत ट्रक चालवायला लागला आणि तिचं गणित फिरलं. आपल्या माणसासाठी चार जिनसा राखल्या तर काय आभाळ कोसळतं? पठारावरच्या तुकडीचा मेकॅनिक काकुळतीला यायचा, "मॅडम, दोन तरी रबरं बघा ना." ती गोड आवाजात सांगायची, "नाही हो दादा, असती तर दिली नसती का?" मग फोन ठेवून उगाच फळ्या पुसत बसायची.

सकाळी भावाचा फोन, नेहमीसारखा खिदळत— "ताई, ब्रेक रुसलाय बघ. उद्या माल घेऊन घाट उतरायचाय. तुझ्याकडे असणारच, चिंगूस कुठली! नसेल तर जुन्यावरच ढकलतो." "गप रे मेल्या, पाठवते," ती म्हणाली होती. खोका न उघडताच म्हणाली होती... नवा माल यायला अजून महिना. तेल गेलं, तूप गेलं. आणि त्या मेकॅनिकचे ट्रक? ते कशावर चालले असतील इतके दिवस? हा विचार आजवर मनाला कसा शिवला नाही, याचीच तिला लाज वाटली.

तिनं पठारावर फोन लावला. "दादा, तुम्हाला कुठून मिळाली असतील रबरं, तर दोन..."

"नाही हो मॅडम." मेकॅनिकचा आवाज गोड होता. "असती तर दिली नसती का?"

आहेत. याच्याकडे आहेत! कुठल्याशा मागच्या फळीवर, कुणासाठी तरी... तो गोडवा तिच्या रोजच्या वापरातला होता. रागवावं तरी कुठल्या तोंडानं?

"दादा," ती म्हणाली, "माझ्याकडे होती. तुम्ही मागत होता ना, तेव्हा होती."

मेकॅनिकनं फोन ठेवला नाही. तिलाही ठेववेना.